गजभिये बाबूंची पेन्सिल

गजभिये बाबूंच्या खोक्यांत माझं नाव असलेलं एक कार्ड निघालं. चार ओळी आहेत, त्याही पेन्सिलीने लिहिलेल्या. दोन महिने झाले, ते कार्ड माझ्या टेबलावर चष्म्याच्या डबीखाली आहे. माझं वय आता एक्याऐंशी. हात अजून फारसा कापत नाही. कापू लागण्याआधी हे लिहून टाकावं म्हणून बसलो आहे.

भाऊराव गजभिये रेल्वेत नंबर टेकर होते. भिलाईजवळच्या चरोद्याच्या यार्डात मालगाडी येऊन उभी राहिली की हातात वही घेऊन इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत चालत जायचं आणि प्रत्येक वॅगनचा नंबर उतरवायचा, हे त्यांचं काम. एकेक गाडी अर्ध्या किलोमीटरहून लांब, आणि खाली खडी. चौतीस वर्षं ते असे चालले. त्यामुळे सपाट रस्त्यावरसुद्धा खडीवर चालल्यासारखे, पाऊल जपून टाकत चालायचे. मान उजवीकडे वळलेली असायची. भिलाईच्या बाजारात, सिविक सेंटरमध्ये, दुकानांसमोरून जातानाही ते पाट्या वाचत जात आणि त्यांचे ओठ हलत.

मूळचे भंडारा जिल्ह्यातले. घरात बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, त्याखाली बुटांच्या खोक्यांची रांग. त्या खोक्यांत मराठी रहस्यकथा लिहिणाऱ्यांची कार्डं होती. कार्डं म्हणजे वॅगनला लावायची जुनी लेबलं. एका बाजूला माल आणि मुक्काम छापलेला, दुसरी बाजू कोरी. रद्द झालेली लेबलं ते साहेबांना विचारून घरी आणत. म्हणजे एका बाजूला 'कोळसा' आणि दुसऱ्या बाजूला एखाद्या लेखकाचा जन्म, गाव, नोकरी, खरं नाव, टोपणनावं, पुस्तकं, प्रकाशक, मुद्रक, पानं.

आमची ओळख पुस्तकांच्या पोत्यावर झाली. छत्तीसगड राज्य तेव्हा नवं होतं आणि मी भिलाईच्या पोलाद प्लांटच्या ऑफिसातून नुकताच रिटायर झालो होतो. आमच्या मराठी मंडळाच्या वाचनालयाचा मी सचिव. प्लांट उभा राहत होता तेव्हा विदर्भातून आलेल्या कामगारांनी वाचून वाचून खिळखिळ्या केलेल्या पातळ रहस्यकथा कपाटात कुजत होत्या. मी त्या रद्दीत द्यायला काढल्या. रद्दीवाला यायच्या आधी खाकी शर्टातला हा माणूस आला, पोत्यापाशी मांडी घालून बसला आणि एकेक पुस्तक काढून पाहू लागला. पहिलं पान पाहायचा, शेवटचं पाहायचा आणि लिहून घ्यायचा. मधलं एक पान उलटत नव्हता.

मी विचारलं, "वाचत नाही का तुम्ही?"

"वाचतो ना जी. पण आधी हे."

"हे म्हणजे?"

"खून कोणी केला ते लेखक सांगतेच शेवटी," ते म्हणाले. "पुस्तक कोणी लिवलं ते कोणीच सांगत नाही."

पुस्तकांवर कुमार अमुक, राजा तमुक अशी नावं. त्या नावांमागे कुणी मास्तर होता, कुणी पोस्टातला कारकून, कुणी कंपाउंडर. एकाच टोपणनावामागे तिघे, आणि एकाच माणसाची पाच टोपणनावं. ज्यांनी दर महिन्याला एक खून रचला, त्यांची कुठल्याही वाङ्मयकोशात नोंद नव्हती. गजभिये बाबूंना ते सहन होत नव्हतं. "वॅगन हाये, माल हाये, अन् नंबर नाही, असं कसं चालंल जी?" एवढंच त्यांचं म्हणणं.

ते पोतं मी त्यांना देऊन टाकलं. मग ते दर रविवारी लोकलने भिलाईला येऊ लागले.

त्यांचा एक नियम होता. जे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं ते शाईने लिहायचं. जे कुणी सांगितलं ते पेन्सिलीने, आणि कंसात सांगणाऱ्याचं नाव. पुस्तक हातात आलं तर शाई, कुठल्या यादीत वाचलं तर पेन्सिल. सांगणारा कोण आहे यावर काही अवलंबून नसे. एकदा आमच्या अध्यक्षांनी कुणा लेखकाचं गाव सांगितलं, तेही त्यांच्यासमोर पेन्सिलीने लिहिलं गेलं. अध्यक्ष म्हणाले, "अहो, मी त्यांच्या घरी जेवलोय." बाबू म्हणाले, "तुमी जेवले जी. मी नाही जेवलो."

मी एकदा त्यांना छेडलं, की माणसावर इतका अविश्वास बरा नाही. तेव्हा त्यांनी मला वॅगनचा नंबर समजावून सांगितला. वॅगनच्या नंबरात अकरा आकडे असतात. शेवटचा, अकरावा, आधीच्या दहांची एक बेरीज मांडून काढलेला असतो. नंबर उतरवताना एक आकडा चुकला तर ती बेरीज जुळत नाही आणि चूक लगेच पकडता येते. ते हे मनातल्या मनात करत, चालता चालता.

"माणसाच्या बोलण्याले असा अकरावा आकडा नसते कापगतेजी," ते म्हणाले. "म्हणून पेन्सिल. अविश्वास नाही."

एकदा मी त्यांच्याबरोबर तुमसरला गेलो. एका लेखकाचं खरं नाव त्यांनी सहा वर्षं शोधलं होतं. तो तहसील कचेरीत कारकून होता आणि वारला होता. त्याची म्हातारी बायको दारात आली. तिला आम्ही विमा एजंट वाटलो. बाबूंनी चपला बाहेर काढल्या, आत जाऊन जमिनीवर बसले आणि पिशवीतून पुस्तकं काढून तिच्यासमोर मांडली.

"हे तुमच्या मालकानं लिवले जी."

"आमच्या ह्यांनी?" बाई म्हणाली. "ते तं मले सांगत का कचेरीचं काम हाये. रोज संध्याकाळी शाळेच्या खोलीत जाऊन बसत. मी म्हणत होतो, एवढं काय काम असते बा ह्या माणसाले."

"हेच काम होतं."

"किती हायेत?"

"एक्केचाळीस."

"अन् सगळ्यात खून?"

बाबूंनी कार्ड पाहिलं. "एकात नुसती चोरी हाये. चाळीसात खून."

बाईने एक पुस्तक उचलून उलटसुलट पाहिलं. मग म्हणाली, "घरात झुरळ मारत नव्हते जी."

तिला वाचता येत नव्हतं. पण तिने ते कार्ड मागितलं. बाबूंनी तिथेच बसून दुसऱ्या लेबलावर सगळं पुन्हा उतरवून दिलं, एक्केचाळीस नावं, सावकाश, शाईने. तिने ते नवऱ्याच्या फोटोमागे खोचलं. परतीच्या गाडीत बाबू खिडकीशी बसून होते. गोंदिया गेल्यावर म्हणाले, "आज एक वॅगन ठिकाणी लागली."

मला तेव्हा वाटलं होतं की या माणसासाठी आपण काहीतरी केलं पाहिजे. ते वाटणं खरं होतं. पुढे जे झालं त्यामुळे ते खोटं ठरत नाही, असं मी स्वतःला अनेकदा सांगितलं आहे.

ते रिटायर झाल्यावर मी मंडळात प्रस्ताव मांडला की गजभियेंची सूची पुस्तकरूपाने छापावी. मंडळाचा वर्धापनदिन जवळ आला होता, नागपूरहून पाहुणे यायचे होते. सदस्य फारसे उत्साही नव्हते. खुनाच्या पुस्तकांची यादी मंडळाने कशाला छापायची, असा सूर होता. पण मी रेटलं. बाबूंनी कार्डांवरून सगळी प्रत हाताने लिहून काढली. छापील पानात शाई आणि पेन्सिल वेगळी कशी दाखवायची, हा त्यांना प्रश्न पडला होता. शेवटी त्यांनीच तोड काढली. पेन्सिलीतल्या प्रत्येक गोष्टीपुढे एक तारा, आणि पुस्तकाच्या सुरुवातीला टीप: तारा असलेली माहिती ऐकीव आहे, संकलकाने स्वतः पडताळलेली नाही.

दुर्गच्या प्रेसमध्ये टाइप होऊन प्रुफं माझ्याकडे आली. एकेका पानावर पंधरा-वीस तारे. पानाला गोवर आल्यासारखं दिसत होतं. मला नागपूरचे पाहुणे डोळ्यांसमोर दिसले. ते पुस्तक चाळणार आणि म्हणणार, अहो कापगते, यात तर निम्मं ऐकीव आहे. मी माझं हिरवं पेन घेतलं. ऑफिसात तीस वर्षं मी त्याच पेनने इतरांचे मसुदे सुधारले होते. दोन दुपारी बसून सगळे तारे काढले आणि सुरुवातीची टीपही. बाबूंना विचारलं नाही. विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते, हे मला ठाऊक होतं, म्हणून विचारलं नाही.

वर्धापनदिनाला त्यांना मंचावर बोलावून शाल दिली. पांढरा शर्ट, नवी चप्पल. मुलगी सुजाता पहिल्या रांगेत होती. शाल खांद्यावर तशीच ठेवून ते खाली आले आणि पुस्तक उघडून एकेक पान पाहू लागले. मी चहाच्या टेबलाशी होतो. ते जवळ आले.

"तारे कुठं गेले जी?"

"प्रेसवाल्यांनी गाळले," मी म्हणालो. "आता काय करणार."

एवढं बोलायला मला क्षणही लागला नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "असंल," म्हणाले, आणि कपातला चहा बशीत ओतला.

दीड महिन्याने वर्धेकडच्या एका गावातून मंडळाला पत्र आलं. 'कुमार शार्दूल' या नावाने लिहिणाऱ्या गृहस्थांचं. आमच्या सूचीत त्यांच्या नावापुढे 'निधन' छापलं होतं. बाबूंच्या कार्डावर तो शब्द पेन्सिलीने होता, कंसात एका प्रकाशकाच्या मुनिमाचं नाव होतं. प्रतीत त्यापुढे तारा होता. पत्रात लिहिलं होतं, 'माझ्या निधनाची बातमी आपल्या पुस्तकातून कळली. तारीख दिलेली नाही, ती कळवल्यास तयारी करता येईल. माझ्या कादंबऱ्यांत मेलेली माणसं शेवटच्या प्रकरणात परत येत असत. तशी सोय माझ्यासाठीही व्हावी.' खाली सही होती, थरथरत्या अक्षरात. मी प्रथम हसलो. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा हसू आलं नाही.

मंडळाची बैठक झाली. अध्यक्ष म्हणाले, "हे झालं कसं?" मी प्रेसचं नाव घेऊ शकत नव्हतो, कारण प्रेसवाल्याकडे माझ्या हिरव्या खुणांची प्रुफं होती. म्हणून मी म्हणालो, "माहिती संकलकाची आहे."

कुणीतरी म्हणालं, "यार्डातल्या माणसाच्या हातात साहित्य दिलं की असंच होणार."

यार्ड हा शब्द कशासाठी वापरला गेला हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला कळत होतं, मलाही. आम्ही सगळे शेतकऱ्यांची पोरं, लोखंड वितळवायला इथे आलेली. गजभिये ज्या वस्तीतून आले तिची हद्द आमच्या गावाबाहेर कुठे लागते ते आम्हाला ठाऊक होतं. मी बोलायला हवं होतं. मी वहीत बैठकीचा वृत्तांत लिहीत राहिलो.

शार्दूल यांना दिलगिरीचं पत्र मीच लिहिलं, मंडळाच्या कागदावर. 'संकलक श्री. गजभिये यांच्या निष्काळजीपणामुळे सदर चूक झाली आहे.' हे वाक्य लिहिताना थांबलो होतो, एवढं आठवतं. मग पाकीट चिकटवलं.

बाबूंना मी फक्त चूक कळवली, माझ्या पत्राचं सांगितलं नाही. ते दुसऱ्याच दिवशी वर्धेची गाडी धरून गेले. पुढच्या रविवारी वाचनालयात आले. उभेच राहिले.

"शार्दूल साहेब जिवंत हायेत," ते म्हणाले. "पायलं मी. बोललो. दोन घंटे बसलो. शाईनं लिवलं."

"रागावले का?"

"रागावतीलच ना जी. माणूस जिता असून त्याले मारलं आपण." मग म्हणाले, "तुमचं पत्र पोचलं होतं त्याइले. वाचून दाखवलं मले."

मी कुठलंसं पुस्तक कपाटात लावत होतो.

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, माफी करा. अजून काय म्हणू." त्यांनी पिशवी उचलली. "येतो जी."

पुढच्या वर्षी सूचीची दुसरी आवृत्ती निघाली. मंडळाने ठरवलं की संकलक म्हणून गजभियेंचं नाव नको. संपादक म्हणून माझं नाव पडलं. प्रस्तावनेत मी 'अनेकांच्या साहाय्याने' असं लिहिलं. ती आवृत्ती बरीच गेली. पुण्या-मुंबईच्या अभ्यासकांची पत्रं आली. एकाने लिहिलं, 'आपली चिकाटी थक्क करणारी आहे.' त्या पत्राला मी आभाराचं उत्तर पाठवलं.

बाबू वाचनालयात यायचे थांबले. लेखकांच्या घरच्यांकडून त्यांना येणारी पत्रंही कमी झाली, असं सुजाताने पुढे सांगितलं. निष्काळजी हा शब्द टपालाने बराच फिरतो. पण सिविक सेंटरमध्ये भेटले की ते थांबत, "जय भीम कापगतेजी, तब्येत?" विचारत, आणि पाट्या वाचत पुढे जात. दहा-बारा वर्षं असं चाललं.

ते गेले त्यानंतर पंधरा दिवसांनी सुजाता खोकी घेऊन माझ्याकडे आली. ती आता शाळेत शिकवते. म्हणाली, "काका, घरी जागा नाही. बाबा म्हणायचे, वाचनालयात दे." खोकी उघडताना तिने ते कार्ड वेगळं काढून माझ्यापुढे ठेवलं. आधीपासून शोधून ठेवलं असावं. मागच्या बाजूला 'सिमेंट, जामुल' असं छापलेलं. पुढे बाबूंचं बारीक अक्षर:

'रहस्यकथाकार सूची, पहिली आवृत्ती.
तारे व टीप छापली नाही.
कोणी गाळले: प्रेसने.
(कापगते यांनी सांगितले.)'

"मी बाबांना कितीदा म्हटलं," सुजाता म्हणाली, "दुर्ग काय दूर आहे, प्रेसमधे जा, प्रूफ अजून ठेवलं असेल, बघून या. एका कादंबरीचा प्रिंटर बघायला तुम्ही नांदेडपर्यंत गेले. तर म्हणायचे, राहू दे. गेलो तं शाईनं लिवा लागंल."

मी तिला तेव्हाच सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. ती रागावली नाही. "मला अंदाज होता काका," म्हणाली. चहा घेतला नाही.

कार्डावरचं काही खोडायचा मला अधिकार नाही. त्याच्याखाली मी काल शाईने लिहिलं: 'तारे मी काढले. हिरव्या पेनने, जाणूनबुजून. प्रेसचा दोष नाही, गजभियेंचा नाही. शार्दूल यांना लिहिलेलं पत्र खोटं होतं. गो. कापगते.' ज्या कोणाकडे त्या सूचीची कुठलीही आवृत्ती असेल, त्यांनी कृपा करून पहिल्या पानावर स्वतःच्या हाताने लिहावं: संकलन, भाऊराव गजभिये. आत जिथे काही चुकीचं सापडेल, तिथे एक तारा होता असं समजावं.

शेवटचं त्यांना मी मागच्या हिवाळ्यात पाहिलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, एकाचं ऑपरेशन बिघडलेलं. मी ठरवून गेलो होतो. चरोद्याला उतरलो, तेव्हा सगळं वाक्य तोंडपाठ होतं. सुजाताने खुर्ची दिली. आम्ही गुडघ्यांबद्दल बोललो, पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याबद्दल बोललो. मग ते म्हणाले, "काही सांगाचं होतं का जी?"

"नाही," मी म्हणालो. "सहज आलो."

मग ते काठी घेऊन मला स्टेशनपर्यंत पोचवायला निघाले. नको म्हटलं तरी ऐकेनात. पुलाच्या अलीकडे एक मालगाडी सिग्नलला उभी होती. ते थांबले, सवयीने मान उजवीकडे वळवली आणि ओठ हलवले. पण काही उमटेना.

"मले दिसून नाही राहिलं," ते म्हणाले. "तो समोरचा डबा. नंबर सांगा बरं."

मी कुंपणाजवळ जाऊन वाचला. एकेक आकडा सावकाश सांगितला. दहा झाल्यावर त्यांनी हात वर करून मला थांबवलं. डोळे मिटून बेरीज केली आणि स्वतःच म्हणाले, "सात?"

मी अकरावा आकडा पाहिला. सात होता.

"सात," मी म्हणालो.

"बरोबर हाये," ते म्हणाले. चेहरा उजळला होता. त्यांनी खिशातून एक लेबल काढलं, चाचपून कोरी बाजू वर केली आणि काठी बगलेत धरून, कागद डोळ्यांशी नेऊन, तो नंबर लिहू लागले. पेन्सिलीने. खाली कंस काढला आणि त्यात माझं नाव घालू लागले. मालगाडी सुटली तरी ते लिहीतच होते.